१००० केव्ही मोटर, थ्री एस लिपो आणि योग्य प्रॉप: आठ महिने वापरून

मागच्या दिवाळीत रिमोटच्या विमानासाठी २२१२ साइजची १००० केव्ही ब्रशलेस मोटर, ३० अँपियरचा ईएससी (मोटरचा स्पीड सांभाळणारं सर्किट) आणि थ्री एस, म्हणजे तीन सेलची, २२०० एमएएच लिपो बॅटरी असा सेट घेतला, तेव्हापासून जवळपास दर रविवारी उडवतोय. विमान घरीच फोमबोर्ड कापून केलेलं हाय विंग ट्रेनर (पंख वरच्या बाजूला असलेलं, शिकायचं विमान), बॅटरी धरून ८५० ग्रॅम. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, इथे टॉवरच्या मधे उडवायचा प्रश्नच नाही, म्हणून मी आणि भाचा पहाटे निघून मुरबाडच्या बाजूला जातो, भात कापून झालेलं ओळखीच्या काकांचं शेत आहे.

दुकानदाराने सांगितलं दहा बाय सहा प्रॉप, म्हणजे प्रोपेलर (दहा इंच व्यास, सहा इंच पिच, पिच म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढं पुढे सरकेल ते अंतर) लावा, मस्त ओढेल. ओढलं पण, हातातून सुटलं की विमान सरळ वर. तिसऱ्या फ्लाइटनंतर मात्र मोटरला बोट लावता येईना, वार्निश करपल्याचा वास, आत बघितलं तर एका बाजूची तांब्याची तार काळपट पडलेली. भाचा म्हणाला, "मामा, ही गेली." खरंच गेली.

तशीच दुसरी मोटर घेतली आणि सोबत करंट, व्होल्ट दाखवणारा वॉटमीटर, जो खरं तर पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. तोच प्रॉप, फुल थ्रॉटल, १७ अँपियर! मोटरच्या स्पेकमध्ये १२ अँपियर आणि तेही ६० सेकंदच लिहिलेलं. केव्ही म्हणजे ताकद नाही हो, लोड नसताना एका व्होल्टला किती आरपीएम (मिनिटाला फेरे) एवढंच, मोटर तो स्पीड गाठायला बघते आणि प्रॉप जितका अडवेल तितका करंट खेचत राहते. लोड व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ९ चा १० इंच केला की त्याच आरपीएमला दीडपट. पिचचं तसं नाही, तो साधारण सरळ प्रमाणात वाढतो.

आता नऊ बाय पाच लावतो. ११ अँपियर, ११.७ व्होल्ट, म्हणजे १२८ वॉटच्या आसपास, किलोला १५० वॉट. ट्रेनरला एवढं भरपूर झालं, लूपसुद्धा मारतं. विमान उतरल्यावर मोटर नुसती कोमट. टायमर दहा मिनिटांचा, परत चार्ज करताना १६०० एमएएचच्या आत जातं.

स्लो फ्लाय प्रॉप (हळू उडणाऱ्या विमानांसाठीचा) या मोटरला लावताना जपा. एपीसी कंपनीच्या स्लो फ्लायला आरपीएमची मर्यादा ६५,००० भागिले इंचातला व्यास, दहा इंचाला ६,५००, आणि थ्री एसवर ही मोटर त्याच्या वर सहज जाते.

बॅटरी २५सी, म्हणजे क्षमतेच्या २५ पट करंट, कागदावर ५५ अँपियर देते, त्यामुळे ११ ला तिला काहीच जड नव्हतं. पण मे महिन्यात दोन आठवडे फुल चार्ज करून कपाटात राहिली आणि थोडी फुगली, स्टोरेजला सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायचं ते राहून गेलं. आता त्याच प्रॉपवर लोडला ११.२ च दिसतात, टेकऑफला फरक लगेच कळतो. या महिन्यात नवीन बॅटरी घेतोय, मोटर आणि प्रॉप तेच ठेवणार.