अरेबिका कॉफीच्या जाती : पावसाळ्यापासून आत्तापर्यंत पिऊन झाल्यावर

आमच्या बेळगावात कॉफी म्हणजे उडुपी हॉटेलातली, नाहीतर घरी इन्स्टंट. मी गेल्या पावसाळ्यापासून चिकमगळूर-कोडगूकडच्या बिया जातीचं नाव बघून मागवतोय आणि घरीच दळतोय. सगळीकडे मीडियम रोस्टच घेतला, डार्क घेतला की कुठलीही जात एकसारखीच कडू, मग जातीचे पैसे कशाला द्यायचे.

सगळ्यात जास्त संपली एस ७९५. ही आपल्याकडची जुनी, १९४०च्या दशकातली, केंट आणि एस २८८ यांचा संकर, बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रातली. एस २८८ मध्ये लायबेरिका कॉफीचाही अंश आहे. चवीला आंबटपणा बेताचा, अंगानं भरीव, आणि घोट गेल्यावर मागं मसाल्यासारखं काहीतरी रेंगाळतं, जरा गुळाकडं झुकणारं. स्टीलच्या फिल्टरात रात्री भरून ठेवायची, सकाळी खालच्या भांड्यात दाट काळा डिकॉक्शन जमलेला असतो, त्यात उकळतं दूध ओतलं तरी कॉफीच पुढं राहते, दूध नाही. आईला चिकोरीवाली सवय होती, ती आता हीच मागते. चिकोरीची गरजच पडत नाही.

सेलेक्शन ९ चं एकदम उलटं. इथिओपियाची ताफारिकेला आणि तिमोर हायब्रिड यांच्यापासून केलेली. पाकीट फोडलं की फुलांसारखा वास, चवीला लिंबूवर्गीय आंबट. दूध घातलं की सगळं गेलं, वर थोडं फाटल्यासारखं लागतं. वहिनींना बिनदुधाची दिली तर म्हणाल्या, "हे काय ओ भावजी, कॉफी की लिंबूचा चा?" पण पेपर फिल्टरातनं पातळ करून, साखर न घालता, जरा कोमट होऊ दिली की मला तरी हिच्यासारखी दुसरी नाही. पहिल्या गरम घोटावर निकाल देऊ नका, एवढंच.

कावेरी म्हणजे कॅटिमोर, म्हणजेच कातुर्रा ही जात आणि तिमोर हायब्रिड यांचा संकर. ठीक. मला मिळालेला लॉट सपाट होता, उंचावरच्या मळ्यातली चांगली लागते म्हणतात. चंद्रगिरी २००७ मध्ये आली, दाणा टपोरा, कप स्वच्छ, कुणाला पहिल्यांदा काळी कॉफी पाजायची तर हीच द्या. या तिमोर हायब्रिडात रोबस्टाचा, म्हणजे कॉफीच्या दुसऱ्या प्रजातीचा, अंश असतो, म्हणून तांबेरा रोगापुढं झाडं जास्त टिकतात, मळेवाल्यांना ती त्याचसाठी हवी असतात.

आता राग. इथल्या एका दुकानात मला पीबेरी ही 'वेगळी जात' म्हणून महाग विकायला बघत होते. फळात दोनऐवजी एकच बी भरली की तिला पीबेरी म्हणतात, कुठल्याही जातीत होते ती. आणि पाकिटावर नुसतं '१०० टक्के अरेबिका' असेल तर त्यावरून चवीचं काहीच कळत नाही, जात, प्रोसेस (फळातनं बी कशी काढून वाळवली) आणि रोस्टची तारीख विचारायची. प्रोसेसचा फरक तर एवढा पडतो की तीच एस ७९५ फळासकट वाळवलेली, म्हणजे नॅचरल, घेतली तर पिकल्या फणसाकडं जाते, धुतलेली, म्हणजे गर काढून धुऊन वाळवलेली, घेतली तर वर सांगितली तशी.

आमच्याकडं जुलै-ऑगस्टात हवा एवढी दमट की दळलेली पूड आठवड्यात मेली. अख्ख्या बिया पाव किलोच घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको. दुधाची पिणारे एस ७९५ घ्या, काळी पिणारे सेलेक्शन ९.