राइड-ऑन लॉन मोवर: पेटीबंद मागवून घरी जोडायचा का डीलरकडून चालू करून घ्यायचा?

नाशिकला गंगापूर रोड, मखमलाबाद, आडगाव या बाजूला ज्यांची मंगल कार्यालयाची लॉन्स आहेत किंवा त्र्यंबक रोडला फार्महाऊस आहे त्यांच्यासाठी लिहितोय. राइड-ऑन म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन. कंपनी कुठली हे बहुतेकांचं ठरलेलं असतं, घोडं अडतं ते पेटीबंद का डीलरकडून इथे. पेटीबंद स्वस्त पडतो म्हणून मन तिकडे जातं, पण फरक नुसता पैशांचा नाहीये.

आधी उतरवण्याचं बघा, कारण खरी कसोटी तिथेच आहे. साधा राइड-ऑन दोनशे किलोच्या आसपास भरतो, वर पॅलेट आणि लोखंडी सांगाडा वेगळा. डोअर डिलिव्हरी म्हणजे टेम्पो गेटपर्यंत येणार, खाली उतरवायचं तुमचं तुम्ही बघायचं. अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत कुणाची कंपनी असेल तर फोर्कलिफ्टची सोय होते, लॉन्सवर ती कुठून आणणार? चार हमाल लावून फळ्यांवरून घसरवणं मला अजिबात पटत नाही, पेटी एका बाजूला कलली तर माणसाचा पाय सापडतो आणि डेक, म्हणजे पात्यांवरचं खालचं पत्र्याचं झाकण, कशावर आपटला तर पत्रा वाकतो. फोर्कलिफ्टची सोय नसेल तर इथेच निर्णय झाला समजा, डीलरकडूनच घ्या. आणि पेटी घेतलीच तर बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) सही करायच्या आधी चारही बाजूंचे फोटो काढा आणि कुठे ठोकलेलं दिसलं तर बिल्टीवरच तसं लिहा, नंतर कोणी ऐकत नाही.

जोडणं मात्र वाटतं तितकं अवघड नाही. इंजिन, गिअर, बहुतेक वेळा डेकसुद्धा बसवूनच येतं, आपल्याला राहतं ते सीट, स्टिअरिंग, बॅटरी आणि गवताची बॅग असेल तर ती. स्टिअरिंग बसवताना पुढची चाकं सरळ करून घ्यायची, नाहीतर ते कायम तिरकं राहतं. सीटखाली एक स्विचची वायर असते, तिचा प्लग नीट दाबून बसवा, माणूस सीटवर बसलाय हे मशीनला त्यावरूनच कळतं आणि तो सुटा राहिला तर नवंकोरं मशीन चालूच होत नाही, मग लोक कंपनीला शिव्या देत बसतात. बॅटरीला आधी लाल वायर, मग काळी. काळी आधी लावली आणि लाल आवळताना पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडालीच. अजून एक, अमेरिकन बनावटीच्या मशीनला नट-बोल्ट इंचांचे असतात, गॅरेजवाल्याच्या एमएमच्या सेटमधला १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टला कसाबसा चालतो पण ९/१६ ला १४ बसत नाही आणि १५ सैल होऊन बोल्टचे कोपरे गोल करतो. इंचांचे पाने आधीच आणून ठेवा.

डीलरचे जास्तीचे पैसे वसूल होतात ते याच्या पुढच्या कामात. इंजिनमध्ये ऑइल भरून आलंय का कोरडं आलंय हे ऑइल मोजायची काडी काढून बघितल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. टायरमध्ये प्रवासासाठी बऱ्याचदा जास्त हवा भरलेली असते, कामाला लागते ती साधारण १० ते १४ पीएसआय, आणि आपला पंक्चरवाला सवयीने ३० मारून देतो. हवा बरोबर झाल्यावरच डेकची लेव्हल. सपाट फरशीवर मशीन उभं करायचं, इंजिनच्या स्पार्क प्लगची वायर काढायची, हातात जाड मोजे घालायचे आणि पात्याचं टोक जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजायचं. डावं-उजवं सारखं हवं आणि पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली. हे चुकलं की कापलेल्या लॉनवर पायऱ्या दिसतात आणि रिसेप्शनच्या लाइटमध्ये तर त्या फारच उठून दिसतात. हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) गिअर असेल तर मागचा बायपास दांडा ओढून पुढे-मागे पेडल दाबून आतली हवा काढावी लागते, नाहीतर मशीन झटके देत चालतं किंवा जागचं हलतच नाही.

आता डीलर हे सगळं करतोच असं नाही. सीझनच्या गडबडीत नुसतं सीट लावून, चालू करून, पेढे देऊन पाठवणारेही आहेत. म्हणून गाडी ताब्यात घेताना समोर उभं राहून डेक मोजायला लावा, हवा दाखवायला लावा, लाजू नका, त्याचेच पैसे देताय. शिवाय वॉरंटीला डीलरची नोंद लागते का हे पेटीबंद घेणाऱ्याने कार्डावर आधी वाचावं.

पेट्रोलचा प्रश्न दोघांनाही सारखाच. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि बऱ्याच छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल पाणी ओढतं, मशीन महिनाभर उभं राहिलं की कार्बोरेटरचं काम निघतं. पैसे देण्याआधी मशीनला ई२० चालतं का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर, हाताशी फोर्कलिफ्ट, सपाट कोबा आणि ट्रॅक्टरचं काम जाणणारा मेकॅनिक, हे तिन्ही असेल तर पेटीबंद बिनधास्त घ्या, आपल्या हाताने जोडलेल्या मशीनचा बोल्ट न् बोल्ट ओळखीचा होतो आणि पुढे बेल्ट बदलायला कोणाची वाट बघावी लागत नाही. यातलं एकही कमी असेल तर डीलर. आणि काहीही घ्या, मे महिन्यातच घ्या. जूनमध्ये पाऊस लागला की काळ्या मातीत टेम्पो रुततो, गवत गुडघ्याला येतं आणि तेव्हाच सगळे डीलरकडे रांग लावतात.