कळंबचं मोटार वाइंडिंगचं दुकान: पाटी नाही, पण मोटार इथंच भरा

आमची 5 एचपीची सबमर्सिबल, म्हणजे बोअरच्या पाण्यात सोडलेली मोटार, या हंगामात दोनदा जळाली. पहिल्यांदा जिथं भरून (म्हणजे आत नवी वायर गुंडाळून) घेतली ते दुकान दुसऱ्या तालुक्यातलं, नाव घेत नाही. तिथून आणलेली मोटार 19 व्या दिवशी गेली. फोन केला तर म्हणाले, व्होल्टेजमुळं जळाली, आमच्याकडं काही नाही. 320 फुटांवरून मोटार परत वर काढायची म्हणजे कप्पी, चार माणसं आणि अख्खा दिवस. हरभरा फुलात आलेला आणि उसाचं पाणी तुटलेलं. तेव्हा शेजारच्या आण्णांनी सांगितलं, कळंबला मामूकडं जा.

दुकानाला पाटी नाही. केजकडून येताना गावात शिरलं की कुणालाही 'वाइंडिंगवाले मामू' विचारा, लहान लेकरूसुद्धा दाखवतं. दहा बाय बाराचं पत्र्याचं शेड, दारात पाण्याचा सिमेंटचा हौद आणि भिंतीला टांगलेली जळक्या वायरींची भेंडोळी. प्रत्येक भेंडोळ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर गावाचं नाव.

मोटार उतरवली तर मामूंनी तिच्याकडं बघितलंही नाही. पहिला प्रश्न, "पेटी कुठंय?"

पेटी म्हणजे स्टार्टर. मी म्हटलं, पेटी शेतात आहे, चांगली आहे. "चांगली असती तर मोटार इथं आली असती का? जा, घेऊन या." 14 किलोमीटर परत गेलो. राग आला होता, खरं सांगतो. पेटी उघडली तर ओव्हरलोड रिले बायपास केलेला. आधीच्या कुणीतरी वायरचा तुकडा टाकून सरळ जोडलेला, म्हणजे मोटारीनं कितीही करंट ओढला तरी पेटी बंद पडणारच नाही. वर ऑटो स्विच, लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा. आमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, 18 मोटारी आहेत, सगळ्यांना ऑटो. लाइट आली की सगळ्या एका दमात उचलतात आणि 415 व्होल्टच्या जागी 320 उरतात. दाब कमी झाला की मोटार जास्त करंट ओढते, तापते, जळते. हे मला मामूंनी पेटीच्या झाकणावर खडूनं काढून समजावलं. मग जळकी वायर मायक्रोमीटरमध्ये धरली आणि वहीत बघितलं. ती त्यांची वही बघण्यासारखी आहे. कोणत्या मोटारीला वायरचे किती टर्न (वेढे), कोणती गेज (जाडी), सगळं बारीक अक्षरात, कितीतरी वर्षांचं. आमच्या मोटारीत आधीच्यानं एका नंबरनं बारीक वायर घातली होती.

सहा वर्षं मी स्पर्धा परीक्षेची तयारी केली, आधी संभाजीनगरला, मग पुण्याला. एकदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. आता 31 वर्षांचा आहे आणि दोन वर्षांपासून घरची चार एकर बघतो. पाहुण्यांत कुणी विचारलं, "काय करायलास?" तर तोंडातून आपोआप येतं, "सध्या शेती बघतो." आमच्याकडं सगळी पोरं असंच बोलतात. सध्या दुकानावर बसतो, सध्या गाडी चालवतो. खरं काम म्हणजे नोकरी, ती लागायची आहे, तोवरचं हे सगळं धरायचं नाही. बायोडाटा बघणारेही तेच धरतात.

मामूंच्या हाताखाली आयटीआय झालेला एक मुलगा आहे. महावितरणच्या विद्युत सहाय्यकाच्या भरतीची वाट बघतोय. त्यानंही तेच सांगितलं, "सध्या इथं आहे."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थांबलो. पाण्यातल्या मोटारीला प्लास्टिकचं कव्हर असलेली वायर लागते आणि ती स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांतून हातानं एकेक वेढा ओवावी लागते. मुलगा एका बाजूनं सारायचा, मामू दुसऱ्या बाजूनं ओढायचे. ओढताना वायर सतत त्यांच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या चिमटीतून जायची. डोळे रस्त्याकडं, बोलणं माझ्याशी आणि बोटं वायरवर. एकाएकी थांबले. वायर मागं घेतली आणि मुलाच्या बोटाखाली धरली. मला डोळ्यांनी काही दिसेना. मीही बोट फिरवलं तेव्हा लागलं, नख ओढल्यासारखी एक चीर, तीळभर. खाचेच्या तोंडाला घासलेली.

मुलगा म्हणाला, "टेप मारू का?"

"टेप पाण्यात किती दिवस राहती?"

अख्खी कॉइल बाहेर काढली. दीड तासाचं काम गेलं. मुलगा गप्प झाला, वायर गुंडाळून बाजूला ठेवली, मग कानस घेऊन त्या खाचेचं तोंड घासत बसला. कुणी सांगितलं नव्हतं. घासायचा, आत बोट घालून बघायचा, पुन्हा घासायचा. मी चहा पिऊन आलो तरी तो तिथंच होता. त्या वेळी तो 'सध्या' काम करत नव्हता, एवढं मला नक्की कळलं. मी सहा वर्षं पुस्तकं वाचली, पण एखाद्या गोष्टीकडं इतकं मन लावून बसल्याचे दिवस मोजकेच आठवतात. वाचतानाही नजर निकालावर असायची.

भरून झाल्यावर स्टेटर रात्रभर हौदात बुडवून ठेवतात आणि सकाळी ओल्यावरच मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावतात. त्यात पास झाला तरच मोटार पुन्हा जोडून बंद करायची. घरी आल्यावर हे वडिलांना सांगितलं. ते वारकरी, तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला नेमानं जातात. म्हणाले, काकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी थापटून बघितली, कोण पक्कं, कोण कच्चं, तसंच हे. आणि नामदेव कच्चे निघाले ते नरसीचे, म्हणजे आपल्याकडलेच, असंही सांगितलं. मडकं घडवणाऱ्या माणसाकडंच ती परीक्षा सोपवली, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

खर्च 4,800 रुपये आला. जळकं तांबं समोर तोलून त्याचे पैसे वजा केले, न विचारता. असं कुणी करत नाही. पेटीतला रिले नवा बसवून तो नीट सेट करून दिला, त्याचे वेगळे 650.

उणंही सांगायला पाहिजे. हंगामात चार दिवस लागतात आणि घाई केली की मामू चिडतात. कामात असले की फोन उचलत नाहीत. बिल छापील मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात. बसायला जागा नाही, उन्हाळ्यात पत्र्याखाली हाल होतात. मुलाचा पगार मी विचारला, तो कमी वाटला. इतकं कसब शिकणाऱ्या पोराला आणखी मिळायला पाहिजे, हे मी मामूंना तोंडावर बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही.

मोटार बोअरमध्ये सोडल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "किती अँपिअर घेते?" मी करंट मोजायचा टाँग टेस्टर आणलेला नव्हता. म्हणाले, कुणाकडून तरी आणा आणि संध्याकाळपर्यंत सांगा. लावून बघितलं, साडेआठ. मग म्हणाले, आता ऑटो काढा. मी काढला. डीपीवरच्या बाकीच्यांच्याही घरी गेलो, सात जणांनी काढला, बाकीचे अजून हो-ना करायलेत. आमची मोटार चौथ्या महिन्यात चालू आहे.

जाणार असाल तर मोटारीसोबत पेटी घेऊनच जा, हेलपाटा वाचेल. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळी दुकान बंद असतं.