टपालाची पोती आणि अर्जांची भेंडोळी: एका श्राव्य व्याख्यानमालेविषयी

अमेरिकन यादवी युद्धापूर्वीच्या सुधारणा चळवळींवरची एक सशुल्क श्राव्य व्याख्यानमाला मी नुकतीच ऐकून पूर्ण केली. या काळाच्या परिचयपर मांडणीत बहुधा सुधारक एका प्रकरणात आणि गुलामगिरीवरून उत्तरेतील आणि दक्षिणेतील राज्यांत वाढलेली तेढ दुसऱ्या प्रकरणात असते. इथे दोन्हींचा विचार एकत्र केला आहे आणि मालेचे खरे मोल त्यातच आहे.

सुरुवात होते ती १८३५ च्या उन्हाळ्यात, दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटनमध्ये. गुलामगिरीविरोधी संघटनेने उत्तरेतून पाठवलेली पत्रके जमावाने टपाल कार्यालयात घुसून पळवली आणि त्यांची होळी केली. सुधारकांचा छापील शब्द दक्षिणेत पोहोचूच द्यायचा नाही, या निर्धाराची पुढची पायरी म्हणजे प्रतिनिधीगृहाने १८३६ मध्ये केलेला ठराव, ज्यामुळे गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेविनाच बाजूला सारले जाऊ लागले. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी त्याविरुद्ध चिकाटीने दिलेली झुंज १८४४ मध्ये यशस्वी झाली. या अर्जांवर सह्या गोळा करणाऱ्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या, हा धागा व्याख्यात्या अतिशय समर्थपणे पुढे नेतात. दारोदार फिरणाऱ्या या स्त्रियांनी सभेत बोलावे की नाही, असा वाद उभा राहिला आणि स्वतःच्या हक्कांचा प्रश्न त्यांना टाळता येईना. त्याच चार्ल्सटनमधील गुलाममालक घराण्यात वाढलेल्या अँजेलिना ग्रिम्के १८३८ मध्ये उत्तरेतील फिलाडेल्फियाच्या नव्याकोऱ्या पेनसिल्व्हेनिया हॉलमध्ये गुलामगिरीविरुद्ध बोलल्या, तेव्हा बाहेरून दगडफेक झाली आणि दुसऱ्या रात्री जमावाने ती इमारत जाळली. उत्तरही निष्कलंक नव्हती, हे इथे स्पष्टपणे सांगितले आहे आणि त्याबद्दल मी मालेचा ऋणी आहे. स्त्रियांच्या हक्कांसाठी भरलेल्या १८४८ च्या सेनेका फॉल्स परिषदेपर्यंत आपण या वाटेने पोहोचतो, त्यामुळे स्त्रियांच्या मताधिकाराच्या ठरावाला गुलामगिरीतून निसटून आलेले नेते फ्रेडरिक डग्लस यांनी दिलेल्या पाठिंब्यामागची पार्श्वभूमी नीट उलगडते.

धर्मसंस्थांवरचे व्याख्यानही उत्तम आहे. मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ १८४४ मध्ये एका बिशपच्या गुलाममालकीवरून दुभंगण्याच्या वाटेला लागला आणि पुढच्याच वर्षी बाप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे दक्षिणेतील अनुयायीही वेगळे झाले. राजकीय पक्षांच्या कितीतरी आधी प्रार्थनेची नाती तुटली, हे ऐकताना मन विषण्ण होते.

मद्यपानविरोधी चळवळीला मात्र न्याय मिळालेला नाही. मेन राज्याचा १८५१ चा दारूबंदी कायदा दोन वाक्यांत उरकला आहे. सोबतच्या पुस्तिकेत एकही नकाशा नाही, त्यामुळे भूगोलाशी अपरिचित श्रोत्याने नकाशा जवळ ठेवावा.

शेवटचे व्याख्यान पळून आलेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याच्या १८५० च्या फरारी गुलाम कायद्यावर आहे. माणसाला मालकाकडे परत पाठवण्याचा निर्णय दिल्यास असे खटले चालवणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर आणि मुक्त केल्यास ५ डॉलर मिळत, या एका तरतुदीवर व्याख्यात्या बराच वेळ थांबतात. सुधारकांची भाषा तोवर ज्यांना अतिरेकी वाटत होती, अशा उत्तरेतील अनेकांच्या दारात हा कायदा कसा येऊन उभा राहिला, ते त्यांनी गुलामगिरीतून पळून आलेल्या अँथनी बर्न्स यांच्या १८५४ च्या बॉस्टनमधील खटल्यातून दाखवले आहे. सशस्त्र सैनिकांच्या पहाऱ्यात बर्न्स यांना बंदराकडे नेले जात असताना रस्त्यावरच्या इमारतींवर काळी कापडे टांगलेली होती. संपूर्ण माला ऐकण्याइतका वेळ नसेल, तर निदान हे व्याख्यान जरूर ऐकावे.