आमच्या ऑफिसातलं सात फुटी लाल चित्र

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. पुढच्या ऑफिसातल्या मोठ्या भिंतीसाठी एका तरुण चित्रकार मुलीकडून अमूर्त चित्र करून घेतलं. ७ फूट बाय ४ फूट, कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक, ६२,००० रुपये, अडीच महिने लागले. मे महिन्यात लावलं. पावसाळाही काढला त्याने, म्हणून आता लिहितोय.

अट एकच घातली होती, चित्रात गाडी नको. एकदा एक्स्प्रेस वेवर लाल फेरारी शेजारून गेली. मॉडेल कुठलं ते कळेपर्यंत ती पुढच्या वळणाला. डोळ्यांत राहिला तो नुसता रंग, आडवा ओढल्यासारखा. तो पाहिजे म्हटलं. तिने लगेच मोबाइलवर जाकोमो बाल्ला या इटालियन चित्रकाराचं १९१३-१४ मधलं एक चित्र दाखवलं. धावत्या मोटारीचा वेग आणि आवाज. मोटार कुठेच नाही. धारदार कोन, वळसे, आवाजासाठी फुल्या, आणि रंग चौकटीवरही गेलेला. मला जे धड सांगता येत नव्हतं ते शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी रंगवून ठेवलं होतं.

लाल हा आमच्या धंद्यातला सगळ्यात छळणारा रंग. लवकर झाकतच नाही. पांढऱ्या प्रायमरवर मारला की खालचं पांढरं डोकावत राहतं, मग हातावर हात चढवत बसा. तिचंही तेच झालं. "काका, चार हात दिले, तरी पोकळ दिसतंय," असा फोन आला. गॅरेजवर बोलावून एका बॉनेटवर दाखवलं, आधी खालचा रंग जुळव, मग लाल घे. आम्ही खाली करडा किंवा फिका लाल देतो. तिने दिला पिवळसर नारिंगी, आणि ती कल्पना सर्वस्वी तिची. त्याच्यामुळेच हा लाल आतून तापल्यासारखा दिसतो.

हातभर अंतरावर उभं राहून मधला पट्टा बघा. वरची कड मास्किंग टेप लावून कापलेली, बोट फिरवलं तर धार लागते. खालची कड ओला असताना रबराच्या पट्टीने डावीकडून उजवीकडे एका दमात ओढलेली. रंग संपत जातो तसतसं नारिंगी वर येतं, मग कॅनव्हासची वीण दिसायला लागते. वरची कड जागच्या जागी आणि खालची पळतेय. सगळा वेग त्या दोन कडांमध्ये आहे. बिलासाठी बसलेल्या गिऱ्हाइकांची मान आपोआप उजवीकडे वळते, हे मी रोज बघतो.

डावीकडे वर चंदेरी रेघा आहेत, त्या मला पटल्या नाहीत. मेटॅलिक रंग ब्रशने नीट बसत नाही, त्यातला दाणा एकसारखा झोपत नाही. ट्यूबलाइटखाली ढग दिसतात. स्प्रे गन घेऊन जा म्हटलं होतं, पण तिला हाताचाच फटकारा हवा होता.

जुलैत कॅनव्हास सैल पडला, खाली पोट आलं. फोन केला तर दुसऱ्या दिवशी आली आणि मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकून ताणून दिला. पैसे घेतले नाहीत. इतकी जबाबदारी घेणारी माणसं मला तरी फार भेटली नाहीत.

असं चित्र घेणार असाल तर भिंतीवर ऊन किती वाजता येतं ते आधी बघा. लाल उन्हात किती फिका पडतो ते जुन्या गाड्यांच्या बॉनेटवर मी आयुष्यभर पाहिलंय. वार्निश असूनही पश्चिमेच्या खिडकीला मी जाड पडदा लावलाय. आणि समोर आठ-दहा फूट तरी मोकळी जागा ठेवा, जवळून एवढं मोठं चित्र अंगावर येतं.

पूर्वी शर्यतीच्या गाड्यांना देशाचा रंग असायचा, इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, ब्रिटनचा हिरवा. समोरच्या भिंतीसाठी हिरवं सांगितलंय. शेड कार्ड तिच्यासाठी काढून ठेवलंय.