अ‍ॅम्डिस: नाव सांगायला पक्कं, मोजायला कच्चं

जीसी-एमएस यंत्र मिश्रणातले पदार्थ वेगळे करून त्यांची वस्तुमानं मोजतं. त्याच्यासोबत येणारं सॉफ्टवेअर सहसा पीकच्या (आलेखातल्या उंचवट्याच्या) टोकावरचा स्पेक्ट्रम, म्हणजे पदार्थाच्या तुकड्यांच्या वस्तुमानांचा नकाशा, उचलतं आणि ओळखीच्या स्पेक्ट्रमच्या लायब्ररीत शोधतं. पीकखाली एकच पदार्थ असेल तर काम झालं. दोन असतील तर लायब्ररी खिचडीला एक नाव देऊन मोकळी होते, आणि मॅच (जुळणीचा गुण) ८५ दिसला की रिपोर्टवर सहीही होते. ही खिचडी निवडून द्यायला अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक-संस्थेनं अ‍ॅम्डिस बनवलं, तेही रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या तपासणीसाठी. ते फुकट आहे आणि फक्त विंडोजवर चालतं. चेहरा विंडोज ९५च्या काळातला, त्यामुळे नवी मुलं उघडून लगेच बंद करतात. तिथेच चुकतात.

मशीद बंदरच्या मसालेवाल्यांकडून आलेलं वेलची तेल घ्या. त्यात मुख्य दोनच पदार्थ, १,८-सिनिओल आणि अल्फा-टर्पिनिल अ‍ॅसिटेट. तेलात निलगिरी तेल घातलं असेल तर सिनिओल चढतो, अ‍ॅसिटेट उतरतो. पण डीबी-५ जातीच्या कॉलमवर (पदार्थ वेगळे करणाऱ्या लांब बारीक नळीवर) तेलातला लिमोनिन आणि सिनिओल दोघांचाही रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे बाहेर पडण्याच्या वेळेचा आकडा, १०३०च्या आसपास येतो, फरक जेमतेम दोनाचा. तुमच्या प्रोग्रॅममध्ये डेकेन (इंडेक्स १०००) आणि अनडेकेन (११००) यांच्यात ९० सेकंद असतील, तर या दोघांत १.८ सेकंद पडतात. सेकंदाला एकच स्कॅन (सगळी वस्तुमानं मोजण्याची एक फेरी) घेतला असेल तर मध्ये दोन स्कॅनही बसत नाहीत, आणि अ‍ॅम्डिस काय, कुणीच काही वेगळं करू शकत नाही. सेकंदाला ५ स्कॅन घेतले की नऊ स्कॅनचं अंतर मिळतं. मग लिमोनिनचा ६८ वस्तुमानाचा आयन (भारित तुकडा) आधी टोकाला जातो, सिनिओलचे १५४ आणि १३९ मागून येतात, आणि सॉफ्टवेअर एकत्र चढणारे-उतरणारे आयन गोळा करून दोन स्वच्छ स्पेक्ट्रम हातात देतं. सगळा खेळ इथेच आहे. वेग वाढवायला वस्तुमानाची कक्षा आवरा. टर्पिनसाठी, म्हणजे लिमोनिनच्या कुळातल्या पदार्थांसाठी, ४० ते ३०० पुरते, ५५०पर्यंत जायची गरज नाही.

आता सेटिंग. कंपोनंट विड्थ आपोआप १२ असते. म्हणजे पीकची अपेक्षित रुंदी, स्कॅनमध्ये. एक स्वच्छ पीक मोठी करून स्कॅन मोजा आणि आकडा तिथून घ्या. स्कॅन डायरेक्शन चुकली तर फार नुकसान होतं आणि कळतही नाही. क्वाड्रुपोल (यंत्रातला वस्तुमानं निवडणारा भाग) एका स्कॅनमध्ये वस्तुमानं एकामागून एक मोजतो, तेवढ्यात पदार्थाचं प्रमाण बदललेलं असतं. ही तफावत सॉफ्टवेअर सुधारून घेतं, पण यंत्र जड वस्तुमानाकडून हलक्याकडे जातं की उलट, हे त्याला सांगावं लागतं. उलट सांगितलं की एकाच पदार्थाचे दोन तुकडे दिसतात. सेन्सिटिव्हिटी आणि रिझोल्यूशन आधी मीडियमवर ठेवा. दोन्ही हाय केले की क्रोमॅटोग्रामवर (पीकच्या आलेखावर) सापडलेल्या घटकांच्या त्रिकोणी खुणांची जत्रा भरते आणि त्यातले अर्धेअधिक नुसता गोंगाट असतात. कॉलममधून गळणाऱ्या सिलिकॉनचे २०७ आणि २८१ हे आयन वगळायच्या यादीत टाका.

नसलेले पदार्थ दिसण्याच्या या भुताटकीचं आणखी एक कारण म्हणजे नमुना जास्त होणं. सिनिओलचा मोठा आयन डिटेक्टरच्या मर्यादेला टेकला की त्याचा माथा सपाट होतो, बाकीचे आयन मात्र नीट गोल राहतात. आकार जुळेनात, मग एका सिनिओलचे तीन-चार 'पदार्थ' होतात. १० मायक्रोलिटर तेल १० मिलिलिटर हेक्झेनमध्ये, वर ५० पट स्प्लिट (म्हणजे त्यातला जेमतेम पन्नासावा भाग कॉलममध्ये), इथून सुरुवात करा.

सोबत येणाऱ्या छोट्या लायब्रऱ्यांमध्ये स्वाद-सुगंधाची एक आहे, वेलचीसाठी ती बरीच कामाला येते. निस्टची मोठी लायब्ररी मात्र विकत घ्यावी लागते. किमान मॅच ८० ठेवलेला असतो. टर्पिनच्या बाबतीत त्या आकड्याचा मोठेपणा बाळगू नका. अल्फा-पायनिन, साबिनिन, बीटा-पायनिन या तिघांचाही ९३चा आयन ठळक, स्पेक्ट्रम सख्ख्या भावंडांसारखे. नुसत्या मॅचवर कोणीही कोणाच्या जागी बसतं. म्हणून अल्केनचं (डेकेन, अनडेकेनसारख्या मालिकेचं) मिश्रण त्याच प्रोग्रॅमवर चालवून कॅलिब्रेशन फाइल बनवा आणि विश्लेषणाचा प्रकार 'सिंपल'वरून रिटेन्शन इंडेक्सवर आणा. कॉलम कापला, बदलला, वायूचा प्रवाह हलला की पुन्हा. लायब्ररीतला इंडेक्स तुमच्याच जातीच्या कॉलमचा हवा. वॅक्स जातीच्या कॉलमवर लिमोनिन १२०० आणि सिनिओल १२१३च्या आसपास जातात, म्हणजे कॉलम बदलून ही जोडी फोडता येते, पण जुने आकडे तिथे चालत नाहीत.

मोजमापाला हे सॉफ्टवेअर वापरू नका. वेगळ्या केलेल्या घटकाचं क्षेत्रफळ त्यानं लावलेल्या मॉडेलवर ठरतं. शेजारच्या पीकची वजाबाकी एकावरून दोनवर नेली तरी आकडा हलतो. नाव इथून घ्या आणि टक्केवारी मूळ सॉफ्टवेअरमध्ये, इंटर्नल स्टँडर्ड (ठरावीक प्रमाणात मिसळलेला ओळखीचा पदार्थ) टाकून, प्रत्येक पदार्थाच्या निवडक आयनवरून काढा. ऑडिट ट्रेल (कोणी कधी काय बदललं याची नोंद) नसल्यामुळे औषध कंपनीच्या रिलीज रिपोर्टमध्ये याचा आकडा आला तर ऑडिटर पहिला तोच धरेल. अनोळखी पीकचा माग काढायला मात्र चालेल.

शेवटची कटकट फाइलींची. अ‍ॅम्डिस आपले निकाल डेटाच्याच फोल्डरमध्ये लिहितं, त्यामुळे फक्त वाचायची परवानगी असलेल्या सर्व्हरवरची फाइल उघडली तर ते अडतं. डेटा आधी स्वतःच्या डिस्कवर कॉपी करा, तिथे चालवा. नव्या यंत्राचं फॉरमॅट उघडलंच नाही तर नेटसीडीएफ या सामाईक फॉरमॅटमध्ये एक्स्पोर्ट करून द्या, ते खातं. वीस नमुने असतील तर बॅच जॉब आहे, पण आधी एका नमुन्यावर सेटिंग पक्की करा. नाहीतर तीच चूक वीस वेळा छापून येते.