साउंड पोस्ट सेटरचा संच: वर्षभराच्या वापरानंतर

व्हायोलिनच्या चारही तारा एकाच वेळी काढण्याची चूक माझ्या हातून झाली. घोडी, म्हणजे तारांना आधार देणारा उभा लाकडी तुकडा, उचलून बाजूला ठेवली आणि आत लाकडाचा तुकडा गडगडला, तेव्हा साउंड पोस्ट पडला हे उघडच होते. साउंड पोस्ट म्हणजे स्प्रूसच्या लाकडाची सुमारे 6 मिलिमीटर जाडीची गोल दांडी. ती कशानेही चिकटवलेली नसते. वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये केवळ दाबावर उभी असते, आणि तारांचा ताण गेला की तो दाबही कमी होतो. ती पुन्हा उभी करण्यासाठी मी सेटरचा एक संच विकत घेतला. इंग्रजी एस अक्षरासारखा वळवलेला पोलादी सेटर, दंतवैद्य वापरतात तसा लांब दांड्याचा छोटा आरसा आणि आतली उंची मोजण्याचे सरकते माप, अशा तीन वस्तू त्यात आल्या.

सेटरचे एक टोक अणकुचीदार असते. ते पोस्टमध्ये किंचित रुतवून पोस्ट ई तारेच्या (सर्वांत बारीक तारेच्या) बाजूच्या एफ-छिद्रातून, म्हणजे वरच्या फळीतल्या इंग्रजी एफ अक्षरासारख्या छिद्रातून, आत न्यायचा, आधी खालचे टोक पाठीवर टेकवायचे आणि मग वरचे टोक फळीखाली ओढून घ्यायचे, अशी रीत आहे. हे टोक कारखान्यातून आले तेव्हा इतके जाड होते की हलके रुतवले तर पोस्ट निम्म्या वाटेत गळून पडे, आणि जोर लावून रुतवले तर पोस्ट उभा राहिल्यावर सेटर सुटेना व तो ओढताना पोस्टही सोबत आडवा होई. पहिल्या संध्याकाळी पोस्ट किती वेळा एफ-छिद्राच्या खालच्या गोल टोकातून हलवून हलवून बाहेर काढला, याची मोजदाद मी सोडून दिली. शेवटी टोक कानशीने चपटे व पातळ करून घेतले, दांड्याच्या कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि छिद्राच्या कडेला जिथे धातू टेकतो तिथे कापडी चिकटपट्टी गुंडाळली. हे शेवटचे काम मी आधीच करायला हवे होते, कारण छिद्राच्या कडेवरचे वार्निश एका ठिकाणी उडाले ते उडालेच.

दुसऱ्या टोकाच्या खाचा मात्र नीट घडवलेल्या आहेत. त्यांनी पोस्टला बाहेरून ढकलता येते, आतून ओढताही येते, आणि अर्धा मिलिमीटर सरकवणेही थोड्या सरावाने जमते. नेहमीची जागा घोडीच्या ई तारेकडच्या पायाच्या थोडी मागे, म्हणजे टेलपीसच्या (तारांची खालची टोके ज्यात अडकवतात त्या पट्टीच्या) बाजूला, साधारण 2 ते 3 मिलिमीटरवर असते. पोस्ट घोडीजवळ आणला की आवाज बहुधा अधिक तेज व थेट होतो आणि मागे नेला की मऊ होतो, पण हा नियम प्रत्येक वाद्य पाळतेच असे नाही. शिवाय फळी आणि पाठ दोन्ही कडेकडे उतरत्या असल्यामुळे पोस्ट एफ-छिद्राकडे सरकवला तर तो घट्ट होतो आणि मध्याकडे नेला तर सैल पडतो. म्हणजे जागा बदलताना दाबही बदलतो, आणि ऐकू आलेला फरक यांपैकी कशाचा, हे सांगणे कठीण जाते. संचासोबतच्या माहितीपत्रकात याविषयी एक अक्षर नाही. सरकवण्याआधी तारा थोड्या सैल कराव्यात, हेही त्यात लिहिलेले नाही.

या संचातली खरी उपयोगी वस्तू आरसा आहे. टेलपीस ज्याला बांधलेला असतो ती व्हायोलिनच्या बुडाची गुंडी काढून त्या भोकातून आत पाहिले, मग आरशाने वरचे टोक तपासले, आणि माझ्या पोस्टच्या वरच्या टोकाशी एका बाजूला चंद्रकोरीएवढी फट दिसली. पोस्टची दोन्ही टोके फळीच्या व पाठीच्या आतल्या उताराशी जुळतील अशी तिरपी कापलेली असावी लागतात. तशी ती नसतील तर सगळा भार एका कडेवर येतो आणि ती कड फळीच्या मऊ लाकडात रुतते. पोस्ट गरजेपेक्षा लांब असून तो जोराने ठोकून बसवला तर फळीला किंवा पाठीला तडा जाण्याची भीती असते, आणि पाठीतला तडा दुरुस्तीला फार अवघड असतो. ही फट सेटरने कितीही सरकवून भरून निघत नाही, हे मला तीन आठवड्यांच्या खटपटीनंतर पटले. अखेरीस एका कारागिराकडून नवा पोस्ट कापून घेतला. आधीच्या पोस्टवर ई तार कर्कश का लागत होती, याचे उत्तर त्या फटीत होते.

सरकते माप मी दोनदा वापरले. त्याची पट्टी सैल असल्याने छिद्रातून बाहेर काढताना ती हलते आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा मिळतो.

हवा दमट झाली की फळीची कमान थोडी वर येते व पोस्ट सैल होतो. कोरड्या दिवसांत उलटे होते. त्यामुळे ऋतू बदलला की मी आरसा काढतो, सेटर क्वचितच. केवळ पडलेला पोस्ट उभा करायचा असेल आणि त्याची टोके पूर्वीच जुळलेली असतील, तर टोक घासून घेतलेला हा सेटर पुरेसा आहे. वेष्टनावर ‘सर्व मापांच्या व्हायोलिनसाठी’ असे छापलेले आहे, ते मात्र खरे मानू नये: अर्ध्या मापाच्या व्हायोलिनमध्ये त्याचे वळण नीट फिरतच नाही.